मार्शमॅलो जातो कुठे?

नाताळच्या सुट्टीत हल्ली सोलापुरातल्या बऱ्याच घरांत हा खटाटोप होतो. मोबाइलवर एक चित्रफीत पाहिलेली असते. गडद चॉकलेटी कुकी दोन हातांनी तोडली की आतून पांढरीशुभ्र, लांबच लांब तार सुटते. साहित्य येतं, ओव्हन तापतो, घरभर कोकोचा वास सुटतो. ट्रे बाहेर निघतो, पहिली कुकी तोडली जाते आणि आत निघते नुसती पोकळी. पोकळीच्या भिंतींवर थोडी चिकट चकाकी, बस्स. मार्शमॅलो घातला होता याला घरातले सगळे साक्षीदार आहेत. ट्रेमध्ये सांडलेलाही दिसत नाही. मग तो गेला कुठे?

चमचाभर पाक, बाकी हवा

खरं तर जाण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतंच. मोठ्या आकाराच्या एका मार्शमॅलोचं वजन साधारण ७ ग्रॅम भरतं. त्यातली हवा काढून टाकली तर उरतो जेमतेम एक लहान चमचा दाट पाक. निम्म्याहून जास्त जागा हवेनेच व्यापलेली असते. मार्शमॅलो म्हणजे साखरेच्या पाकाचा फेस, फक्त तो बसू न देता गोठवलेला.

हा पाक आपल्याला नवा नाही. संक्रांतीच्या तिळाच्या लाडवांसाठी गुळाचा पाक करताना वाटीभर थंड पाण्यात थेंब टाकून बघतात. थेंबाची मऊ गोळी वळली की पाक झाला. साखरेच्या पाकाला ही अवस्था ११५ अंश सेल्सिअसच्या आसपास येते, आणि मार्शमॅलोचा पाकही तिथेच उतरवतात. पाकाचं तापमान म्हणजे त्यात किती पाणी उरलंय याचा हिशेब. या टप्प्यावर पाणी साधारण १५ टक्के उरतं. आणखी आटवला तर चिक्कीचा कडक पाक होईल आणि त्यात फेस धरणार नाही. पातळ राहिला तर फेस ओघळून जाईल. पाकाची पुन्हा साखर होऊ नये म्हणून आपण लिंबू पिळतो. कारखान्यात त्याच कामासाठी ग्लुकोजचं सिरप घालतात.

आता या पाकात हवा भरायची आणि ती धरूनही ठेवायची. दोन्ही कामं जिलेटिन करतं. जिलेटिन हे प्रथिन. ते पाकात विरघळवून जोरात घुसळलं की हवेच्या प्रत्येक बुडबुड्याभोवती त्याचं पातळ कवच तयार होतं. थंड झाल्यावर जिलेटिनचे लांब धागे एकमेकांत गुंततात, त्यांची जाळी होते आणि बुडबुडे जागच्या जागी अडकतात. बोटाने दाबलेला मार्शमॅलो पुन्हा वर येतो तो या जाळीमुळे.

पण या जाळीच्या गाठी पक्क्या नसतात, उष्णतेने सुटतात. जिलेटिनची साधी जेली ३५ अंशांच्या आतच पातळ होते. मार्शमॅलोत साखर दाट असल्यामुळे त्याला थोडी जास्त उष्णता लागते, इतकंच. ओव्हनमध्ये आधी जाळी सुटते. त्याच वेळी आतली हवा प्रसरण पावते. ३० अंशांवरून ९५ अंशांवर गेलेली हवा सुमारे एक पंचमांश जास्त जागा मागते. पाकातल्या पाण्याची वाफ होते, ती वेगळीच. म्हणून मार्शमॅलो आधी टम्म फुगतो. बुडबुड्यांच्या भिंती ताणून ताणून पातळ होतात, फुटतात, हवा कुकीच्या भेगांतून निघून जाते आणि तो चमचाभर पाक भोवतालच्या गरम, सच्छिद्र कुकीत जिरतो. मार्शमॅलो गायब झालेली कुकी जरा जास्त गोड आणि चिवट लागते ती यामुळेच. तो तुम्ही खाल्लेला असतो, फक्त दिसलेला नसतो.

भेंडी, कापूस आणि कोको

मार्शमॅलो हे मुळात एका झाडाचं नाव आहे. युरोपात दलदलीच्या कडेला उगवणारं हे झाड. युनानी औषधांत त्याला खतमी म्हणतात आणि खोकल्यावर देतात. त्याच्या मुळांत बुळबुळीत चीक असतो. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधले मिठाईवाले हा चीक, साखर आणि अंड्याचा पांढरा भाग एकत्र घुसळून मऊ वड्या करत. पुढे चिकाची जागा स्वस्त आणि भरवशाच्या जिलेटिनने घेतली. आज पाकिटातल्या मार्शमॅलोत त्या झाडाचं नावापलीकडे काही उरलेलं नाही.

हा चीक कसा असतो ते बघायला फ्रान्सला जायला नको. भेंडी चिरताना सुरीला जो चिकटतो तो याच जातीचा, कारण भेंडी आणि मार्शमॅलो एकाच कुळातले. जास्वंद आणि अंबाडीही त्याच कुळातल्या. ज्याच्या जिवावर सोलापूरच्या गिरण्या चालल्या आणि चादरी विणल्या गेल्या तो कापूससुद्धा त्यातलाच. आणि वनस्पतिशास्त्रज्ञांच्या आताच्या वर्गीकरणानुसार कोकोचं झाडही. चॉकलेट कुकीच्या पोटात मार्शमॅलो भरणारा माणूस नकळत दोन चुलतभावंडांची गाठ घालून देत असतो.

दोघांना एकत्र आणण्याचं श्रेय अमेरिकेतल्या शेकोट्यांना जातं. काठीला टोचून भाजलेला मार्शमॅलो आणि चॉकलेटचा तुकडा दोन बिस्किटांच्या मध्ये दाबून खायचा, ही कृती तिथल्या गर्ल स्काउट्सच्या १९२७ सालच्या पुस्तकात छापलेली आहे. शेकोटी गेली, बिस्किटाची कुकी झाली आणि मार्शमॅलो बाहेरून आत गेला. दुकानं आणि चित्रफिती ओलांडत तो आता आपल्याकडे पोचलाय.

पस्तिशीची रेघ

सोलापुरात हा पदार्थ हिवाळ्यातच का करावा? नाताळ हे एक कारण झालं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनची मंडळी इथे आली तेव्हापासून या गावाला नाताळ माहीत आहे. पुढे संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असतेच. नंदीध्वज निघतात, होम मैदानावर पाळणे आणि खाऊची दुकानं लागतात. म्हणजे डिसेंबरचा शेवट ते जानेवारीचा मध्य हा इथला गोडाधोडाचाच काळ. पण माझ्या मते खरं कारण पंचांगात नाही, थर्मामीटरमध्ये आहे.

या कुकीतले तीन मुख्य घटक बघा. कोकोच्या बियांतली चरबी, म्हणजे कोको बटर. चांगल्या चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं. लोणी म्हणजे बटर. ते विशीतच मऊ पडायला लागतं आणि पस्तिशीला पोचेपर्यंत पूर्ण पातळ होतं. तिसरं जिलेटिन, त्याचा आकडा वर आलाच आहे. तिघंही ३५ च्या आसपास हार मानतात. आपल्या शरीराचं तापमान ३७. चॉकलेट, लोणी, जिलेटिन तोंडात विरघळतात याचं रहस्य एवढंच, की तोंड त्या रेघेच्या किंचित वर असतं.

सोलापूर मे महिन्यात त्या रेघेच्या खूपच वर असतं. दुपारी पारा ४२-४३ ला जातो तेव्हा कुकीचं पीठ हातात धरवत नाही, चॉकलेट पाकिटातच पसरतं आणि मार्शमॅलो एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो. रात्री तेच चॉकलेट पुन्हा घट्ट होतं, पण त्याच्यावर करडा-पांढरा थर येतो. दुकानातून आणलेल्या चॉकलेटवर तो दिसला की लोक बुरशी समजून टाकून देतात. ती बुरशी नसते. वितळून वर आलेली कोकोची चरबी वेड्यावाकड्या स्फटिकांत गोठलेली असते. खायला चालतं, मजा मात्र गेलेली असते.

उन्हाळ्याला टक्कर देणारं एक चॉकलेट बाजारात मिळतं. वेष्टनावर 'कंपाउंड' लिहिलेलं असतं. त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते आणि ती जास्त उष्णता सोसते. अडचण अशी, की जे मे महिन्यातल्या दुपारी वितळत नाही ते जिभेवरही नीट वितळत नाही, टाळूला मेण लावल्यासारखं चिकटून राहतं. पिठात मिसळायला ते चालेल. तुकडे करून वर लावायला मी वापरणार नाही.

डिसेंबरात इथे दिवसा तिशीच्या आसपास आणि रात्री पंधराच्या आसपास तापमान असतं. तिन्ही घटक आपापल्या जागी घट्ट राहतात, आणि भाजताना वितळलेलं जिलेटिन रात्रीपर्यंत पुन्हा जाळी विणतं.

अकरा मिनिटांत काय घडतं

ओव्हन १८० अंशांवर तापलेला आहे. थंड गोळे आत गेले. पहिल्या दोन-तीन मिनिटांत कडेचं लोणी वितळतं आणि गोळा पसरायला लागतो. साखर पिठातल्या पाण्यात विरघळून मिश्रण आणखी सैल करते. मग सोड्याचा वायू सुटतो आणि कुकी फुगते. साधारण ६०-७० अंशांना अंड्यातली प्रथिनं घट्ट होऊ लागतात, मैद्याचा आणि कोकोचा स्टार्च पाणी शोषतो, पसरणं थांबतं. कडा आधी धरतात, मध्य सगळ्यात शेवटी.

आणि मार्शमॅलो नेमका मध्यभागी बसलेला असतो. भोवतालचं पीठ घट्ट होण्याआधी तो वितळून फुटला तर बाजी गेली. पीठ आधी धरलं तर तो आतच कोंडला जातो आणि थंड झाल्यावर तसाच राहतो. सगळी युक्ती पिठाला पुढे काढण्यात आणि मार्शमॅलोला मागे ठेवण्यात आहे.

म्हणून मार्शमॅलो आधी दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवतात. साखर दाट असल्याने तो बर्फासारखा टणक होत नाही, नुसता ताठ होतो. पण उणे पंधरा-अठरा अंशांवरून निघालेल्या मार्शमॅलोला वितळायला जास्त वेळ लागणार हे उघड आहे. त्यातच त्याच्या पोटातली हवा मदतीला येते. थंडीत सोलापुरी चादर ऊब देते ती स्वतः गरम असते म्हणून नाही. विणीत अडकलेली हवा उष्णता सहज पलीकडे जाऊ देत नाही म्हणून. फेसातले बुडबुडेही तेच करतात. बाहेरचा थर मऊ झाला तरी गाभा बराच वेळ थंड राहतो. पीठही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावं, म्हणजे लोणी उशिरा वितळेल आणि गोळा उंच राहील. उंच गोळा म्हणजे मार्शमॅलोभोवती जाड भिंत.

अख्खा मोठा मार्शमॅलो भरायचा मोह होतो. तो आवरावा, अर्धाच भरावा. फुगताना लागणारी जागा मिळाली नाही की तो कुकीचं टाळकं फोडून वर येतो. आणि तो तळाला टेकता कामा नये. गरम पत्र्यावर साखर आधी चिकटते, मग करपते.

चॉकलेटच्या कुकीची एक खास अडचण म्हणजे ती भाजली गेली हे रंगावरून कळत नाही, कारण ती आधीपासूनच काळपट असते. कडेला बोट लावून बघावं. कडा बसलेली आणि मधला भाग अजून मऊ, ओलसर दिसत असेल तर ट्रे बाहेर काढायचा. 'अजून कच्ची वाटते, दोन मिनिटं ठेवू' या दोन मिनिटांनीच बहुतेक मार्शमॅलोंचा घात केलाय. बाहेर काढल्यावरही ट्रेच्या उष्णतेवर ती शिजत राहते, आणि खरा घट्टपणा लोणी गोठल्यावर येतो. पाच मिनिटं ट्रेमध्येच राहू द्यावी. लगेच उचलली तर हातात मोडते.

नानकटाईचं पीठ का चालत नाही

ज्यांच्या घरी तूप, पिठीसाखर, रवा-मैदा डब्यांत भरून बेकरीच्या भट्टीवर नानकटाई भाजून आणायची पद्धत होती त्यांना वाटतं, त्याच पिठात कोको आणि मार्शमॅलो घातला की झालं. होत नाही. मैद्यातली प्रथिनं पाण्याशी भेटली की त्यांची ताणली जाणारी जाळी होते, तिला ग्लुटेन म्हणतात. नानकटाईत पाणी जवळजवळ नसतंच, आणि तूप मैद्याच्या कणांना वेढून जाळी होऊच देत नाही. नानकटाईचा खुसखुशीतपणा त्यातूनच येतो. पण आत काही फुगायला लागलं की हे पीठ ताणत नाही, तडकतं, आणि भेगेतून पाक बाहेर येतो. बटरमध्ये सुमारे १६ टक्के पाणी असतं, अंड्यात किंवा दह्यात आणखी. तेवढ्याने कुकीच्या पिठाला थोडी चिवट धरण येते. म्हणून इथे तूप नको, बटरच हवं.

ज्वारीच्या जिल्ह्यात ज्वारीचं पीठ घालून बघायचं मनात येणारच. मंगळवेढ्याच्या मालदांडीची चव कोकोबरोबर फार छान लागते. पण ज्वारीत ग्लुटेन नसतं. भाकरी थापताना पिठाला गरम पाण्याची उकळी का द्यावी लागते हे जिला माहीत आहे तिला अधिक सांगायला नको. मैद्याच्या पाव हिश्शाएवढी ज्वारी चालते, त्यापुढे भिंत टिकत नाही.

गोळा भरायचा तो पुरणाचा उंडा भरतो तसाच. कडा पातळ, मध्य जाड, तोंड नीट मिटवून ते खाली ठेवायचं. या कामात घरातल्या आजीला कुठलीही चित्रफीत हरवू शकत नाही.

चौकट : बारा कुकींचं प्रमाण

मैदा १५० ग्रॅम, कोको पावडर ४० ग्रॅम, बटर ११५ ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, एक मोठा चमचा काकवी, एक अंडं (किंवा तीन मोठे चमचे घट्ट दही), अर्धा लहान चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ, सहा मोठे मार्शमॅलो अर्धे करून. परदेशी कृतींतली ब्राउन शुगर म्हणजे साखर आणि काकवीसारखी मळी यांचंच मिश्रण. तिने कुकी ओलसर राहते आणि तिच्यातल्या आंबटपणाने सोडा जागा होतो. बटर खारट असेल तर वरचं मीठ गाळा. मऊ बटर आणि साखर फेटून त्यात काकवी आणि अंडं, मग चाळलेलं कोरडं साहित्य. ४० ग्रॅमचे गोळे करून भरा, गार करा. १८० अंशांवर १० ते ११ मिनिटं.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर, त्यावर स्टँड आणि झाकण हा उपाय चालतो. मात्र तिथे सगळी उष्णता खालून येते. तळ आधी भाजतो, माथा मागे राहतो. म्हणून गोळे जरा चपटे, मार्शमॅलो वरच्या बाजूला आणि ताटलीखाली आणखी एक ताटली.

हिरव्या ठिपक्याचा मार्शमॅलो

जिलेटिन येतं जनावरांच्या कातडी-हाडांतून. लिंगायत, जैन, गुजराती, मारवाडी घरं गल्लोगल्ली असलेल्या गावात हा बारीक मुद्दा नाही. पाकिटावर तपकिरी त्रिकोण आहे की हिरवा ठिपका हे आधी बघावं. मुलांच्या मित्रांना वाटणार असाल तर नक्कीच.

हिरव्या ठिपक्याच्या मार्शमॅलोत जिलेटिनऐवजी बहुधा समुद्री शेवाळातून काढलेले पदार्थ असतात. त्यातला अगर आपल्या ओळखीचा, किराणा दुकानातला चायना ग्रास. त्याचा स्वभाव जिलेटिनच्या अगदी उलट. चायना ग्रासची जेली ४० अंशांच्या खाली घट्ट होते, पण पुन्हा वितळायला तिला ८५ अंशांच्या आसपास तापावं लागतं. म्हणून असा मार्शमॅलो कुकीत जास्त वेळ टिकतो आणि पोकळीची तक्रार कमी होते. पण अगरची जाळी ताठ आणि ठिसूळ असते. कुकी तोडली की ती तुटते, ताणली जात नाही. चित्रफितीतली तार हवी असेल तर ती यातून निघणार नाही, आणि त्यात करणाऱ्याचा काही दोष नाही.

घरी करणाऱ्यांपुढे आणखी एक प्रश्न येतो. जिलेटिन फेसही धरतं आणि जाळीही विणतं. अगरला फक्त दुसरं जमतं. फेसासाठी अंड्याचा पांढरा भाग नको असेल तर छोले शिजवलेलं पाणी घ्यावं. गंमत नाही. त्यात उतरलेली प्रथिनं हवा धरून ठेवतात आणि यंत्राने फेटलं की अंड्यासारखाच पांढरा फेस येतो. २०१४-१५ च्या सुमारास फ्रान्स आणि अमेरिकेतल्या हौशी स्वयंपाक्यांनी हे शोधलं आणि जगभर पसरवलं. आपल्याकडे ते पाणी पिढ्यान्‌पिढ्या आमटीत जातं, तिथेही काही वाया जात नव्हतं म्हणा. गरम पाक त्यात ओतायच्या आत चायना ग्रास पूर्ण उकळून विरघळलेलं असलं पाहिजे, नाहीतर दाताखाली कण येतात.

डब्यात ठेवताना

सोलापूरची थंडी कोरडी. कुकीची कड त्यामुळे कुरकुरीत राहते, पण मार्शमॅलोतलं पाणी उडून तो दोन-तीन दिवसांत चिवट होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात पोळीचा तुकडा टाकून ठेवला तर पोळी कडक होते आणि कुकी मऊ राहते. पाणी जिथे जास्त आहे तिथून कमी असलेल्या जागी जातं. शिळी कुकी मायक्रोवेव्हमध्ये दहाच सेकंद ठेवावी. पाकातलं पाणी झटकन तापतं, जिलेटिनच्या गाठी सैल होतात आणि तार पुन्हा सुटते. त्याहून जास्त ठेवली तर मार्शमॅलो पुन्हा फुगून फुटेल.

पुण्याला किंवा हैदराबादला शिकणाऱ्या मुलांना पार्सल करायचं असेल तर गड्ड्याच्या आसपास करून टाकावं. शिवरात्र उलटली की दुपारच्या उन्हात उभ्या असलेल्या पार्सलच्या गाडीत पस्तिशी सहज ओलांडली जाते. मग शेंगाचटणी पाठवावी, तिला कुठलीच रेघ नाही.